गोदाआत्याचा शालू आणि केरेपेठचा चांदवा

बंगलोरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी लालबागेचं विचारतात आणि मग म्हैसूरच्या राजवाड्याचं. मी दोन्ही पाहिलं नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, "मग गेलात कशाला?" मी गेले होते एक शालू पाहायला.

माझी आत्या गोदावरी लग्न होऊन तिकडे गेली त्याला तीसेक वर्षं झाली. बंगलोरच्या उत्तरेला येलहंका आणि येलहंक्याच्या पुढे चार-पाच मैलांवर केरेपेठ. केरे म्हणजे तळं. तळ्याकाठी आठवड्याचा बाजार भरू लागला आणि त्याभोवती गाव वसलं. त्या बाजाराला शंभर वर्षं झाली म्हणून गावानं उत्सव मांडला, तो एका संक्रांतीपासून दुसऱ्या संक्रांतीपर्यंत, चांगला वर्षभर. आमच्या बार्शीकडे शताब्दी म्हणजे एक मांडव, तीन भाषणं आणि पाहुण्यांच्या गळ्यात मावणार नाहीत इतके हार. या लोकांनी महिने गल्ल्यांना वाटून दिले. कुंभारांच्या गल्लीनं आपल्या महिन्यात तळ्याच्या पायऱ्या दुरुस्त केल्या, गादीवाल्यांच्या गल्लीनं कुस्त्या लावल्या, शाळेजवळच्या गल्लीनं नाटक बसवलं. शिवाय ज्या गल्लीचा महिना असेल तिनं आपल्या घरांतल्या वापरलेल्या कापडांचा एक मोठा पट शिवून द्यायचा. वर्षाच्या शेवटी सगळे पट शेजारी शेजारी जोडून बाजाररस्त्यावर चांदवा ताणायचा, आणि पुढे गावात लग्न कुणाचंही असो, ते त्याच चांदव्याखाली लागायचं.

शेवटचा महिना मराठे गल्लीचा होता. ती शिंप्यांची गल्ली, त्यामुळे सगळ्या पटांची जोडणीही तिच्याकडेच आली. आत्यानं कळवलं होतं की गल्लीच्या पटात मध्यभागी तिचा लग्नातला हिरवा शालू आहे, आणि हा पट चांदव्याच्या मधोमध लागणार आहे.

तो शालू आमच्या घरचा. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, घरात रेशीम आलं ते त्या एकदाच. वडिलांनीही तेच मशीन चालवलं आणि मला बी.ए. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडिलांना आता फार कमी दिसतं. निघताना ते म्हणाले, "गोदाचा शालू मधोमध लागणार म्हणते. बघून ये, आणि कसा दिसतो ते मला नीट सांग."

म्हणून गेले.

केरेपेठ

येलहंक्याला पहाटे उतरले तेव्हा दात वाजत होते. दक्षिणेत थंडी नसते असं मी वर्गात मुलींना शिकवत आले होते, ते आता सुधारलं पाहिजे. जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, जाताना धुकं उठत गेलं तशी खालून लाल माती निघाली. मध्येच हत्ती बसावेत तसे काळे खडक, चिंचेची झाडं, खळ्यांवर नाचणीच्या गंज्या, द्राक्षांचे मळे. आमच्या काळ्या रानाची सवय असलेल्या डोळ्यांना ती माती कुणी मुद्दाम रंगवल्यासारखी वाटते.

आत्या दारातच उभी होती. "ये गे सुमे, स्वल्प बस, कॉफी आणते."

"आत्या, स्वल्प काय? थोडं म्हण की."

"इथं थोडं मागितलं की काहीच मिळत नाही. स्वल्प मागावं, म्हणजे लोटा भरून मिळतं."

खरोखरच पितळी लोटा भरून कॉफी आली. मी चहाची माणूस, पण त्या थंडीत तक्रार करवली नाही.

आत्याच्या यजमानांना सारं गाव रामोजीअण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणाले. यांचे पूर्वज तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अण्णांचं मराठी ऐकताना जुन्या पेटीतलं कापड उलगडल्यासारखं वाटतं. पुष्कळसं आपलंच, पण घड्यांच्या जागी रंग निराळा. दुकान घराच्या ओसरीवर. एका माणसानं सदऱ्याचं कापड दिलं, अण्णांनी ते मापून खुणा केल्या, कात्री कपाळाला लावली आणि विचारलं, "कापू का?" तो "हूं" म्हणाल्यावरच कात्री चालली. माझे वडीलही हेच विचारतात. गिऱ्हाईक समोर नसेल तर त्याच्या घरी निरोप पाठवून विचारतात. कापलेलं कापड पुन्हा सांधता येतं, पण अखंड करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बार्शीपासून इतक्या दूर मला तोच प्रश्न ऐकू आला.

दुपारी जेवायला नाचणीचा मुद्दा आणि पावट्याच्या सोललेल्या दाण्यांची पातळ भाजी. थंडीत या मुलुखात सगळीकडे पावटाच. बायका ओट्यांवर बसून भिजवलेले दाणे चिमटीत दाबतात आणि साल उडवतात, गप्पाही त्याच वेगानं चालतात. मुद्दा म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. मी तो चावायला घेतला आणि तो माझ्या दातांना, टाळ्याला जिथं सापडेल तिथं चिकटला. आत्याचा मुलगा व्यंकू, शहराजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे, तो हसून लोळायचा बाकी राहिला. "बी.ए.ला हे नव्हतं काय? गिळायचा असतो, चावायचा नाही!"

जेवणं झाल्यावर आत्यानं पट काढला. गल्लीतल्या बायकांच्या विटलेल्या लुगड्यांचे चौकोन, एका आजोबांच्या फेट्याची लाल पट्टी, कुणाचं उपरणं आणि मध्ये तो शालू. हिरवा, भरजरी काठाचा. इतक्या वर्षांनीही त्याच्यावरून हात फिरवताना बोटं आपोआप हळू होत होती. व्यंकूनं खाली खडूनं "मराठे गल्ली" अशी अक्षरं आखली होती, ती वेगळ्या कापडाची कापून वर शिवायची होती.

"अक्षरं आणखी मोठी कर," मी म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हा आपल्या नव्या राज्याच्या सभा अजून घुमत होत्या. गाडीतही सीमेवरून एका धारवाडी गृहस्थांशी माझी चांगलीच जुंपली होती.

आत्या म्हणाली, "अक्षरं नसली तरी चालतील. शालू तेवढा मध्ये पाहिजे." मग व्यंकू बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "गल्लीतल्या बायका मला अजून बार्शीची म्हणतात गे. आणि बाजारातल्या बायका अख्ख्या गल्लीला मराठ्यांची म्हणतात. म्हणजे गावाला गल्ली बाहेरची आणि गल्लीला मी बाहेरची. एकदा वर लागू दे माझा शालू. पोरींची लग्नं त्याच्याखाली लागू देत. मग बघते कोण काय म्हणतं ते."

शाळेचं मैदान

दुसऱ्या दिवशी सगळे पट शाळेच्या मैदानात ओळीनं पसरले. उत्सवाचे प्रमुख नंजप्पा मास्तर, पेन्शनीत गेलेले, छत्री काखेत मारून हजर होते. इतके रंग एकत्र आलेले मी कधी पाहिले नव्हते. कुंभारांचा पट मातकट, कोष्ट्यांचा चौकटींचा, गादीवाल्यांनी तर जुन्या गाद्यांच्या खोळींतून नक्षी काढली होती. बघायला लोटलेली माणसं "वा" म्हणत होती. अण्णा मात्र ओळीच्या टोकाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटून त्यांनी कडेकडेनं पाहिलं आणि टेप काढली.

"मास्तर, सगळ्यांना लांबी किती सांगितली होती?"

"सात हात. पहिल्या सभेत मीच सांगितली."

"कुणाचा हात?"

मास्तरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

त्या गावात मंगलकार्याचं कापड घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हातानं मोजतात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यात त्यांचा आशीर्वाद येतो अशी समजूत. हे काम मंगल, तेव्हा प्रत्येक गल्लीनं आपापल्या वडील माणसाला बोलावलं. गौडांच्या गल्लीतले आजोबा ताडासारखे उंच. कोष्ट्यांच्या गल्लीत सर्वांत वडील वीरम्मा आजी, त्या माझ्या खांद्याला लागतील न लागतील. शाळेजवळच्या नोकरदारांनी नवा मीटर आणून त्यात हाताचा हिशेब बसवला होता, तो तिसराच आला. एकाही पटाची लांबी दुसऱ्याशी जुळत नव्हती. चांदव्याच्या दोन्ही कडा करवतीसारख्या दातेरी होणार होत्या.

"दिसायला काय, दिसेल तसं दिसेल," अण्णा म्हणाले. "पण दोरी सरळ कडेवर ओढ घेते. कड वाकडी असली तर मध्ये झोळ पडणार. वारा आला की पहिल्या झटक्यात फाटेल."

मी पुढे होऊन म्हणाले, "सोपं आहे. सगळ्यांत आखूड पटाएवढे बाकीचे कापा." आत्यानं ते कानडीत सांगितलं आणि मैदानात एकच गलका उठला. पट पूजा होऊन आले होते, कोपऱ्यांना हळद लागली होती. गौडांचे आजोबा म्हणाले, माझा हात कापा, मग पट कापा. गादीवाले खादरसाब दोन्ही हात हलवत म्हणाले, "नक्को बीबी, काटना नक्को. अम्मा की ओढनी है इसमें." वीरम्मा आजींना कुणी हात वर करून दाखवायला सांगितलं नाही, पण त्याच उठून म्हणाल्या की माझा हात नव्वद वर्षं गावाला पुरला, आता कसा कमी पडला? माणसाच्या आशीर्वादाला आखूड कसं म्हणायचं?

तेव्हा आखूड पटांना दोन्ही टोकांना पट्ट्या जोडायच्या, एवढीच वाट उरली. "त्याचं कापड मी आणते," मी म्हणाले. मला वाटलं, प्रश्न मिटला.

चिकपेट

बंगलोर शहर मी पाहिलं ते एवढंच, अण्णांबरोबर गेले ती चिकपेटेची अरुंद गल्ली. आत शिरलं की आकाश म्हणजे दुकानांच्या पाट्यांमधली एक चिंधी. पांढऱ्या गाद्यांवर चपला काढून बसायचं, आणि दुकानदार आपण तोंड उघडायच्या आत आपली भाषा ओळखतो. आमच्याशी मराठीत, शेजारच्याशी तमिळमध्ये आणि नोकराशी तेलुगूत, तेही एका श्वासात. त्यानं विचारलं, "गजानं देऊ की मीटरनं?" अण्णांनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, आता मापाचं नाव काढू नको."

मी शालूशी जुळेल असं हिरवं पॉपलीन निवडलं. अण्णांनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. येताना बसमध्ये म्हणाले, "कापड चांगलं आहे." त्यांच्या धंद्यातली माणसं याच्या पुढे बोलली नाहीत तर काहीतरी अडलेलं असतं, हे मला घरच्या अनुभवानं माहीत आहे.

मैदानात आत्या आणि बाकीच्या बायका पट राखत बसल्या होत्या. कुंभारांच्या गल्लीतली गौरम्मा पुढे आली. आत्याच्या वयाची, जाड आवाजाची आणि मनानं मोकळी बाई. तिनं नवं कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं, वाससुद्धा घेतला आणि आत्याला विचारलं, "इदु यार मनेदु?" म्हणजे, हे कुणाच्या घरचं?

टोमणा नव्हता. वर्षभर प्रत्येक पट आला तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळालं होतं: हे मरून गेलेल्या सासऱ्यांचं धोतर, ही मुलाची पहिली झबली. आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. गौरम्मानं कापड घडी करून, अगदी नीट घडी करून, तिच्या हातात परत दिलं. बाकीच्या बायका पावटे सोलू लागल्या.



भोगी

भोगीच्या दिवशी आत्यानं मिसळीची भाजी केली, आपल्यासारखीच तीळ लावून भाकरी केली, फक्त बाजरीच्या जागी नाचणीची. आधी नैवेद्य दाखवला. मग ओसरीवर गल्लीचा पट पसरला आणि अण्णांना म्हणाली, "याच्या पट्ट्या काढा."

व्यंकू ताडकन उठला. "आई, डोकं फिरलं काय? आपला पटच राहणार नाही मग!"

"बाकीच्यांचे राहतील."

"आणि आपली गल्ली कुठं दिसणार? सगळं शिवायचं आपण आणि नाव कुणाचं नाही?"

मी व्यंकूच्या बाजूनं बोलले, लपवत नाही. म्हणाले, "आत्या, उद्या लोक वर बघून विचारतील, मराठे गल्लीनं काय दिलं? आणि घरी दादांना मी काय सांगू? ते शालूची वाट बघत बसलेत." आपला भाग आपल्या नावानं उभा राहिला पाहिजे, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही पुष्कळ ठिकाणी वाटतं.

आत्या खाली बसून अक्षरांचा खडू पदरानं पुसत होती. "काल गौरम्मानं विचारलं, कुणाच्या घरचं. मला सांगता आलं नाही. तीस वर्षांत या गावात मला कुणी काही विचारलं आणि सांगता आलं नाही असं झालं नव्हतं बघ. नाही बरं वाटलं." थोडं थांबून म्हणाली, "माझी लुगडी एवढी पुरणार नाहीत. गल्लीतल्या बायकांना मी विचारून आले. त्यांनी हो म्हटलं. शालू माझा, त्याला मी हो म्हणते."

अण्णांनी खुणा केल्या. लुगड्यांचे चौकोन त्यांनी आधी सोडवून घेतले आणि शालू शेवटी ठेवला. मग कात्री कपाळाला लावून त्यांनी आपल्या बायकोला, गिऱ्हाइकाला विचारावं तसं, विचारलं, "कापू का?"

आत्या म्हणाली, "कापा."

कात्री उघडली होती, पण चालली नाही. अण्णांनी पुन्हा विचारलं, "गोदा, कापू का?"

"तुमचं काय गिऱ्हाईक बहिरं आहे का?" ती म्हणाली. "हो म्हटलं ना!"

रेशीम कापताना सुतासारखा करकर आवाज येत नाही. नुसता श्वास टाकल्यासारखा येतो. व्यंकू दाराकडे तोंड करून उभा होता. पहिली पट्टी सुटल्यावर तोच वळला, ती उचलली आणि तिला सुतळीनं कोष्ट्यांच्या पटाची खूण बांधली.

दुपारपर्यंत गल्लीतली सारी मशीनं चालू झाली. वीरम्मा आजींच्या पटाला सर्वांत रुंद पट्टी लागली, ती शालूच्या काठाची. तिची शिवण आत्यानं हातानं घातली, एकदा घालून तिच्यावर पुन्हा एकदा. मी सुया ओवून देत होते. शिंप्याच्या घरची असून मला एवढंच नीट येतं, पण तेवढं येतं.

संक्रांत

संक्रांतीला तिकडेही तीळगूळ वाटतात, पण लाडू नव्हे. भाजलेले तीळ, शेंगदाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे, सगळं सुटं. देताना म्हणतात, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि," तीळगूळ खा आणि चांगलं बोला. आपण तेच म्हणतो. सीमेवरून गाडीत भांडलेल्या त्या धारवाडी गृहस्थांची मला आठवण झाली. पत्ता असता तर त्यांना तीळगूळ पाठवला असता. माझं मत मात्र बदललेलं नाही.

बाजाररस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवले होते. नंजप्पा मास्तरांनी छत्री वर केली आणि माणसांनी दोऱ्या ओढल्या. चांदवा आधी जड पोटासारखा लोंबला आणि मग दोन्ही कडांनी ताठ होत वर गेला. झोळ पडला नाही. तळ्यावरून वारा आला, सगळं कापड एकदा फुगलं आणि सरळ झालं. लोक टाळ्या वाजवत होते. अण्णा मात्र कडेकडेनं, मान वर करून, एक डोळा मिटून चालत गेले आणि चालतच परत आले.

मी शालू शोधत होते. मध्ये कुठं नव्हताच. पण दोन्ही बाजूंना, कुठं विटलेलं लुगडं तर कुठं हिरवं रेशीम, असा तो तुटक तुटक धावत होता. कोवळं तिरपं ऊन जरीवर पडलं की एकेका गल्लीच्या डोक्यावर तेवढीच रेघ चमकायची. लुगड्याला असतात तसे त्या एवढ्या मोठ्या चांदव्याला दोन काठ आले होते.

बायका आपापल्या पटाखाली जाऊन उभ्या राहिल्या, बोटं दाखवून आपापल्या माणसांची कापडं ओळखू लागल्या. आत्या एकटीच खांबाशी उभी होती, हातात तिळाची वाटी. तिनं कुठल्या पटाखाली जावं हे तिला कळेना आणि मलाही कळेना. तेवढ्यात गौरम्मा आपल्या पटाखालून मान वर करून ओरडली. मातकट कापडाच्या टोकाला जोडलेली हिरवी पट्टी ती दाखवत होती.

"गोदक्का! इदु यार मनेदु?"

आत्या म्हणाली, "नम्म मनेदु." आमच्या घरचं.

गौरम्मानं तिचा दंड धरून तिला आपल्या पटाखाली ओढलं. तिथून वीरम्मा आजींनी हाक मारली, मग खादरसाबांच्या बायकोनं. आत्याची वाटी पहिल्या दोन-तीन ठिकाणीच रिकामी झाली, तरी ती जातच होती.

बार्शी

घरी आले तेव्हा वडील मशीनशी बसले होते. काम नव्हतं, नुसते चाकावर हात ठेवून बसले होते. मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"लागला का मधोमध?"

"नाही दादा," मी म्हणाले. "काठाला लागला." आणि सगळं सांगितलं. शालूला कात्री लागली हेही सांगितलं. ते माझ्या आवाजाकडे कान देऊन ऐकत राहिले. त्यांचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, कापड चोळून पाहावं तसा.

मग म्हणाले, "ओढ सगळी काठालाच असते. शिवण कुणी घातली?"

"काठाची आत्यानं. हातानं."

"दुहेरी?"

"दुहेरी."

"मग राहील," ते म्हणाले, आणि उठून मला पाणी आणायला गेले.